गोदामात कोणीही नाही

माझा आवाज मी पहिल्यांदा बाहेरून ऐकला तो आमच्या कुंभवलीच्या घरात, दुपारी जेवताना. मी पानावर बसले होते आणि त्याच वेळी बाहेर कुठेतरी मीच बोलत होते. "ड्रमच्या गोदामात कोणीही नाही. शटर बंद होत आहे."

वारा कारखान्यांकडून आमच्या बाजूला होता, त्यामुळे शब्द न् शब्द कळला. आईने भाकरी मोडता मोडता माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या तोंडात घास होता.

"तू घरात आहेस ना?" आई म्हणाली.

"आहे."

"मग ती कोण?"

मी तिला सांगितलं की तो कारखान्याच्या भोंग्याचा आवाज आहे, आज त्याची चाचणी होती. आमच्या ऑफिसात मराठी नीट बोलणारी मी एकटीच, म्हणून मी थोडी वाक्यं वाचून रेकॉर्ड केली होती. त्यावरून मशीन माझा आवाज शिकलं आणि आता ते मी कधीच न बोललेली वाक्यंही माझ्या आवाजात बोलतं. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "न बोललेलं बोलते म्हणजे उद्या खोटंही बोलेल की गं तुझ्या नावावर."

मी हसले. पण ते वाक्य मी बोललेच नव्हते हे खरं होतं, आणि 'कोणीही'वर माझाच नेहमीचा हेल होता.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. आईबाबा सोलापूरकडून इथे कारखान्यात कामाला आले आणि आई काम करता करता युनियनची पत्रकं लिहू लागली. ओल्या शाईच्या गठ्ठ्यावर बसून मी अक्षरं शिकले. आईचं म्हणणं असं की पत्रक वाचणारा माणूस चालत असतो. गेटपासून चहाच्या टपरीपर्यंत चालता चालता त्याला कळलं पाहिजे की कोणी काय केलं आणि आता त्याने काय करायचं. टपरीवर पोचल्यावर त्याच कागदात भजी जातात. मी लहानपणी 'निर्णय घेण्यात आला' असं काही लिहिलं की ती विचारायची, "कोणी घेतला? पिंपळावरच्या मुंजाने?" मोघम वाक्य लिहिणारा कोणाला तरी पाठीशी घालत असतो, हे मी तेव्हापासून मानत आले. अजूनही मानते, आणि त्यावरून ऑफिसात भांडतेही.

ऑफिस म्हणजे बोईसरला औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर चार टेबलं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यासाठी आम्ही एक एजंट तयार करत होतो. एजंट म्हणजे असा प्रोग्राम की ज्याला काम सांगितलं की ते कसं करायचं हे तो स्वतः ठरवतो. त्याला डोळे नाहीत, हात नाहीत. त्याच्याकडे असतात ती टूल्स. एक टूल गेटवरच्या पासची माहिती आणून देतं, एक भोंग्यावरून घोषणा करतं, एक गोदामाचं शटर खाली आणतं. प्रत्येक टूलखाली कोणीतरी माणसाने दोनचार ओळींचं वर्णन लिहिलेलं असतं. कोणतं टूल कधी वापरायचं हे एजंट त्या ओळी वाचून ठरवतो. त्या ओळींपलीकडे त्याला जग नाही.

आमच्याकडे घरोघरी वसाहतीतून आलेली निळी पिंपं असतात, धुऊन त्यात पाणी भरतात. नवा पाहुणा आला आणि त्याला तहान लागली, तर कोणत्या पिंपात पाणी आहे आणि कोणतं अजून धुवायचं आहे हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. सांगितलं नाही तर शहाणा पाहुणा वास घेतो, थांबतो, हाक मारतो. एजंट थांबत नाही. तो अगदी शांतपणे, नम्रपणे जवळच्या पिंपात पेला बुडवतो.

वर्णनं लिहिण्याचं काम माझ्याकडे यायच्या आधी ती कोणीतरी घाईत लिहून ठेवली होती. पासच्या टूलखाली लिहिलं होतं, 'प्रकल्पातील व्यक्तींची सद्यस्थिती देते.' शटरच्या टूलखाली, 'गळतीच्या वेळी गोदाम सुरक्षित करते.' वाचायला किती छान. यातलं एकही वाक्य खरं नव्हतं.

हे मला कारखान्यात गेल्यावर कळलं. आवणीचे, म्हणजे भाताच्या लावणीचे, दिवस होते. कंट्रोल केबिनच्या खिडकीतून समोर ड्रमचं गोदाम दिसतं. शटर वर होतं आणि अगदी तोंडाशी एक माणूस उपड्या बादलीवर बसून डबा खात होता. पंचविशीचा असेल. मी सहज एजंटला विचारलं, गोदामात कोण आहे?

"ड्रमच्या गोदामात कोणीही नाही."

मी पुन्हा विचारलं. नक्की?

"हो. गोदाम रिकामं आहे. तिथे नेमलेलं कोणीही आज आलेलं नाही. सर्व काही सुरळीत आहे."

समोरच्या माणसाने घास थांबवून माझ्याकडे पाहिलं. जणू त्यालाही ते ऐकू गेलं होतं. त्या दुपारी त्या खिडकीत उभं राहून मला क्षणभर खरंच वाटलं की चूक माझ्या डोळ्यांची आहे.

मी खाली उतरले आणि त्याच्याजवळ गेले. विचारलं, तुम्ही कोणत्या खात्यात?

"मी नाय हाय इथं," तो म्हणाला. "दादा हाय."

"कुठे आहे दादा?"

"दादा घरी. मासवणला. आवणी चाललीय ना." आणि मग मला समजत नाही असं पाहून हसला. "ताय, दादाचा पास हाय. दादाचा पास पॅकिंगचा हाय. मुकादम बोलला गोदामात जा, म्हून मी इथं. तुमच्या मशीनला दादा पॅकिंगमदी दिसत असंल. दिसू द्या."

ही इथली जुनी रीत आहे, सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कोणीच न बोलणारी. डोंगराकडच्या घरांत पावसावरची थोडीशी शेती असते. एक भाऊ कारखान्यात लागला की ती जागा त्या घराची होते. आवणीला थोरला घरी गेला की धाकटा त्याच्या पासवर येतो. मुकादमाला माणूस मिळतो, घराचं काम टिकतं. गेटवरचा वॉचमन बिहारचा. मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "चेहरा तो उसी घर का है ना, मैडम. और क्या देखूँ?"

म्हणजे ते टूल माणसं बघतच नव्हतं. गेटवर कोणता पास लागला आणि त्या पासवर कोणतं खातं छापलं आहे, एवढंच ते आणून देत होतं. बाकी सगळं, 'रिकामं आहे', 'सुरळीत आहे', हे एजंटने आमच्या गोड वर्णनावरून स्वतः भरलं होतं. मी आणखी एक गोष्ट तपासली. गेटच्या मशीनची वायर काढली आणि पुन्हा विचारलं. टूलकडून काहीच आलं नाही. एजंट म्हणाला, "प्रकल्पात कोणीही नाही." केबिनच्या खाली शिफ्ट भरून माणसं काम करत होती, आणि माझ्याच आवाजात ते मला सांगत होतं की इथे कोणी नाही.

मी ऑफिसात ओरडले. कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना लिहिलं. ते सभ्य गृहस्थ आहेत, चष्मा कपाळावर चढवून बोलतात. म्हणाले, "मॅडम, गळतीचं ड्रिल होऊन जाऊ द्या. मग बघू तुमचं भाषाशुद्धीचं."

"भाषेचा प्रश्न नाही सर. माणूस आत राहील."

"ड्रिल आहे हो. गॅस नाहीये."

ड्रिल झालं तोवर आवणी आटोपली होती. थोरला परत आला होता. पण धाकट्यालाही मुकादमाने ठेवून घेतलं होतं, रिकामे ड्रम आणणाऱ्या ट्रकमधून तो गोदामात यायचा आणि त्यातूनच बाहेर जायचा. पास एक, भाऊ दोन. हे मला माहीत नव्हतं. मला फक्त शंका होती, कारण त्या सकाळी गोदामाच्या तोंडाशी ती बादली पुन्हा उपडी दिसली होती.

भोंगा वाजला. सगळे मैदानात येऊन रांगेत उभे राहिले. माझा आवाज एकेक नाव घेऊ लागला आणि माणसं "हजर" म्हणू लागली. थोरल्या भावाचं नाव आलं. तो म्हणाला, "हजर," आणि खाली बघू लागला. मग आवाज म्हणाला, "सर्व कामगार सुरक्षित आहेत. ड्रमच्या गोदामात कोणीही नाही. शटर बंद होत आहे."

शटर खाली येऊ लागलं. थोरल्याने मान वर केली. त्याचा चेहरा पाहिला आणि मी धावले.

"वर घ्या! आत माणूस आहे!"

"सिस्टिम म्हणतेय कोणी नाही," अधिकारी मागून म्हणाले.

वॉचमन आणि मी मिळून हाताच्या साखळीने शटर ओढून वर घेतलं. मी आत गेले. भर सकाळी गोदामात काळोख होता आणि गोडसर, घशाला लागणारा वास. ड्रमच्या रांगा पार मागपर्यंत. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. माझीच हाक ड्रमांवरून फिरून माझ्याकडे आली, आणि बाहेर भोंग्यावर मीच म्हणत होते की इथे कोणी नाही. दोन्ही आवाज सारखेच. मी कोणावर विश्वास ठेवायचा?

तो शेवटच्या रांगेमागे उकिडवा बसला होता. डोळे उघडे, माझ्याकडेच. ओठांवर बोट.

"अरे, हाका मारतेय मी! ओ का देत नाहीस?"

"आवाज बोलला ना, कोनी नाय," तो कुजबुजला. "मंग मी गप बसलो."

"शटर बंद होत होतं!"

"ऐकलं ना. ओ दिली असती तं दादाचा पास गेला असता."

खरा गॅस असता तरीही तो असाच बसला असता का, हे मी त्याला विचारलं नाही. त्याच्या बसण्यातच उत्तर होतं. तो भ्यालेला नव्हता. त्याला सांगितलं गेलं होतं की तू नाहीस, आणि तो नसल्यासारखा बसला होता.

मी बाहेर आले. अधिकाऱ्यांनी विचारलं, "कोण होतं आत?"

"शटर उघडंच राहू द्या."

"म्हणजे होतं कोणीतरी. नाव सांगा."

"तुमच्या सिस्टिमला विचारा," मी म्हटलं. रांगेतून कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

संध्याकाळी दोघे भाऊ मला मासवणकडे जाणाऱ्या गाड्यांच्या थांब्यावर भेटले. थोरला रागावलेला होता. "ताय, तुमी आता लिवनार. लिवलं की सायेब चेहऱ्याचं मशीन लावतील. मंग याला कुठं घालू? मुरब्याला, मच्छीच्या बोटीवर?"

"मला नको बोट," धाकटा म्हणाला. "पान्यात ओकतो मी."

"गोदामात मरायला चालतं, बोटीवर ओकायला नाय चालत!" थोरला त्याच्यावर खेकसला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "याला वाचवा. पन नाव नको."

ही मागणी घेऊन मी घरी आले. खरं लिहिलं तर एका घराचं काम जाणार, मोघम ठेवलं तर धाकटा कधीतरी शटरमागे राहणार. पत्रकात हे सोपं असतं, समोर मालक असतो. इथे माझ्या प्रत्येक ओळीसमोर तो उकिडवा बसलेला होता.

आईला मी जुनी वर्णनं वाचून दाखवली. ती म्हणाली, "हे कोण वाचणार आहे?"

"माणूस नाही गं. प्रोग्राम."

"मग तर अजून फोडून लिही. माणूस मोघम वाचून निदान संशय तरी घेतो."

मी लिहीत गेले आणि ती खोडत गेली. पासच्या टूलखाली शेवटी असं राहिलं: 'हे टूल माणसं मोजत नाही. गेटवर लागलेले पास मोजतं. पासवर छापलेलं खातं म्हणजे माणसाची जागा नव्हे. पास न लावताही माणूस आत असू शकतो. उत्तर रिकामं आलं तर गेटचं मशीन बंद असू शकतं. या टूलवरून कोणतीही जागा रिकामी आहे असं कधीही म्हणू नकोस. माहीत नाही असं सांग.' शटरच्या टूलखाली: 'हे टूल शटर बंद करतं. आत माणूस असेल तर तो अडकतो. एखाद्या माणसाने मागच्या भिंतीपर्यंत पाहून तसं कळवल्याशिवाय हे वापरू नकोस.'

घोषणेच्या टूलशी आम्ही दोघी अडलो. मला लिहायचं होतं की गोदामात कोणाचंही नाव घेऊन हाक मारू नकोस, जो कोणी असेल त्याने बाहेर यावं असं म्हण, आणि नाव विचारलं जाणार नाही हेही सांग.

"हे वचन कोण पाळणार?" आई म्हणाली. "तू? तुझा भोंगा? जे तुझ्या हातात नाही ते छापायचं नाही."

म्हणून मी अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी सगळं वाचलं. "चेहऱ्याचं मशीन बसवतो," ते म्हणाले. "प्रश्नच मिटला."

"ते कुठे बसवणार?"

"गेटवर."

"मग गोदामात कोण आहे ते त्याला कसं दिसणार सर? ट्रकमधून आलेला माणूस गेटवर चेहरा दाखवत नाही. तुमचं नवं मशीनही म्हणेल, कोणी नाही."

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. नंतर म्हणाले, "त्या दिवशी हाक मारल्यावर तो बोलला का नाही?"

"तुम्ही नाव विचारलं असतं म्हणून."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा कपाळावर ढकलला. "नाव नाही विचारणार. ड्रिलपुरतं," ते म्हणाले. "ड्रिलमध्ये आणि खऱ्या गळतीत. बाकीच्या दिवसांचं मी वचन देत नाही." तेवढंच मी लिहिलं. त्याहून जास्त लिहिलं असतं तर तेही खोटं झालं असतं.

पुढचं ड्रिल भात कापून झाल्यावर झालं. मी केबिनमध्ये न थांबता टॅबलेट घेऊन मैदानात उभी राहिले. रांगेतली हजेरी झाली. मग भोंग्यावरून माझा आवाज आला आणि सगळी रांग वर बघू लागली, कारण असं काही त्यांनी भोंग्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

"गोदामात कोणी आहे का हे मला माहीत नाही. कोणीतरी आत जाऊन बघा. आत जो कोणी असेल त्याने बाहेर यावं. नाव विचारलं जाणार नाही."

वॉचमन आत गेला. काही वेळ काहीच झालं नाही. मग काळोखातून एक म्हातारा बाहेर आला. त्याच्यामागे झाडू घेतलेली बाई. मग दोन पोरगेले तरुण, एकमेकांना चिकटून. उजेडात डोळे मिचकावत ते येऊन रांगांच्या बाजूला उभे राहिले आणि मग माझ्या लक्षात आलं की प्रत्येकासारखा दिसणारा कोणीतरी रांगेत आधीच उभा आहे. तेच कपाळ, तीच हनुवटी. म्हाताऱ्याचा चेहरा पुढच्या रांगेतल्या तरुणाला होता. रांगेतले लोक आपापल्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. भोंगा तेवढा बोलत होता.

धाकटा आला नव्हता.

वॉचमन बाहेर आला. "हो गया मैडम. देख लिया."

"पीछे की दीवार तक?"

तो घुटमळला. "पीछे अंधेरा है."

"झालं की," अधिकारी म्हणाले. त्यांचं लक्ष त्या बाहेर आलेल्या माणसांवरून हलत नव्हतं. "पुरे. तो आवाज बंद करा आता."

"मागची भिंत पाहिलेली नाही सर."

"गोदामात कोणी आहे का हे मला माहीत नाही," भोंग्यावर मी म्हणाले. "कोणीतरी आत जाऊन बघा."

थोरला रांगेतून निघाला. कोणाकडे न बघता, कोणाला न विचारता तो मैदान ओलांडून काळोखात शिरला. आतून त्याची हाक आली. त्याने नाव घेतलं नाही. लहान पोराला शेतावरून घरी बोलवावं तशी लांब हाक होती, आणि ती ड्रमांवरून फिरत राहिली. दुसऱ्यांदा आली. तिसरी हाक अर्ध्यावर तुटली.

मग दोघे बाहेर आले. थोरल्याने धाकट्याचं मनगट घट्ट धरलं होतं. ते अधिकाऱ्यांसमोर येऊन थांबले, एकच चेहरा दोनदा. अधिकाऱ्यांनी एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. त्यांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"पाणी प्या आधी," ते म्हणाले.

मी टॅबलेटवर कळवलं की मागच्या भिंतीपर्यंत बघून झालं. आवाज थांबला. त्या दोघांचं काम पुढे राहील की नाही हे त्या घडीला कोणालाच ठाऊक नव्हतं, मला तर नाहीच. शटर खाली येऊन जमिनीला टेकलं तरी धाकटा वळून त्याच्याकडे बघत राहिला, आणि थोरल्याने त्याचं मनगट सोडलं नाही.